दोन बोटांवर विमानाची परीक्षा

विजेवर चालणारे रिमोटचे मॉडेल विमान आता खोक्यातून जवळजवळ तयारच मिळते. पंख बसवा, शेपूट चिकटवा, बॅटरी जोडा, की झाले, असे खोक्यावरच्या चित्रावरून वाटते. तरीही नव्या हौशी माणसाचे पहिले विमान बरेचदा पहिल्याच उड्डाणात मातीत घुसते. दोष वाऱ्याला किंवा रिमोटला दिला जातो. खरे कारण मात्र बहुधा घरातल्या टेबलावरच असते. वजनाचा तोल तपासलेला नसतो किंवा एखादे पाते उलट्या दिशेला हलत असते.

या चुकीची किंमत फक्त मोडलेल्या थर्माकोलएवढी नसते. एक किलो वजनाचे मॉडेल ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याच्या धडकेत साधारण ११० ज्यूल ऊर्जा असते. चार मजली इमारतीच्या गच्चीवरून एक किलोची वस्तू खाली पडावी, तेवढाच हा मार. त्याच्या नाकावर काही हजार फेऱ्यांनी फिरणारा पंखा असतो आणि पोटात पेट घेऊ शकणारी बॅटरी. म्हणून जोडणी आणि समतोल ही या छंदाची सुरुवातही आहे आणि सुरक्षिततेचा पायाही.

खेळण्यातून विमानाकडे

मॉडेल विमानांचा इतिहास खऱ्या विमानांपेक्षा जुना आहे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्वीलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारे एक छोटे विमान उडवून दाखवले. ते ११ सेकंद हवेत राहिले आणि सुमारे ४० मीटर गेले. त्याचे खरे महत्त्व अंतरात नव्हते. कोणाचाही हात न लागता ते स्वतःच तोल सांभाळत होते. मागच्या छोट्या शेपटीला दिलेल्या किंचित कोनामुळे हे साधले होते. राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी आणून दिलेले उडते खेळणेही पेनोच्याच कल्पनेवरचे होते.

विजेची मोटर मॉडेलमध्ये यायला बराच काळ लागला, कारण बॅटऱ्या फार जड होत्या. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे रेडिओवर चालणारे मॉडेल चांदी-जस्ताच्या बॅटरीवर उडवले. पुढे जर्मनीतल्या ग्राउप्नर या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते फ्रेड मिलिट्की यांनी विजेवरची मॉडेल बाजारात आणली. १९७३ मध्ये माणूस घेऊन विजेच्या जोरावर उडालेल्या ‘एमबी-ई१’ या विमानामागेही तेच होते. आज हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो दोन गोष्टींमुळे: हलकी लिथियम पॉलिमर बॅटरी आणि ब्रश नसलेली मोटर.

पोटात काय काय असते?

नवशिक्यासाठी साधारण एक किलोचे, वर बसवलेल्या पंखाचे मॉडेल सोयीचे पडते. त्यात पाच मुख्य भाग असतात. बॅटरी वीज देते. स्पीड कंट्रोलर ती वीज मोटरला किती मिळावी हे ठरवतो. मोटर पंखा फिरवते. रिसीव्हर हातातल्या ट्रान्समीटरचे संदेश पकडतो आणि सर्व्हो नावाच्या काडेपेटीपेक्षा लहान मोटरी पंख-शेपटीवरची पाती हलवतात. रिसीव्हर आणि सर्व्हो यांना लागणारी पाच व्होल्टच्या आसपासची वीज बहुतेक स्पीड कंट्रोलरमधूनच मिळते, त्यामुळे वेगळी बॅटरी लागत नाही.

बॅटरीवर ‘३एस २२००’ असे लिहिलेले असेल, तर त्यात तीन सेल एकापुढे एक जोडलेले आहेत आणि क्षमता २२०० मिलिअँपिअर-तास आहे. प्रत्येक सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, म्हणजे तिघांचा मिळून ११.१ व्होल्ट. मोटरवर ‘१००० केव्ही’ लिहिलेले असते, पण त्याचा किलोव्होल्टशी संबंध नाही. एका व्होल्टला मोकळी मोटर मिनिटाला १००० फेऱ्या मारते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे ११.१ व्होल्टवर सुमारे ११ हजार फेऱ्या. पंखा लावल्यावर हवेच्या विरोधामुळे त्या कमी होतात.

मोटर आणि पंखा यांची जोडी जमणे महत्त्वाचे. गरजेपेक्षा मोठा पंखा लावला तर मोटर जास्त वीज ओढते आणि मोटर, कंट्रोलर, बॅटरी तिन्ही तापतात. पूर्ण वेगात मोटर २५ अँपिअर ओढत असेल, तर कंट्रोलर किमान ३० ते ४० अँपिअरचा घ्यावा. काठावरचा कंट्रोलर उन्हाळ्यात पहिल्यांदा दगा देतो.

चिकटवण्याआधी मोजणे

जोडणीत घाई करण्याची जागा म्हणजे पंख आणि शेपूट, आणि नेमके तिथेच थांबायला हवे. आडवी शेपूट पंखाला समांतर आहे का, उभी शेपूट तिच्याशी काटकोनात आहे का, हे डिंक लावण्याआधी पाहायचे. विमानाच्या नाकावरच्या मधल्या बिंदूपासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरा धरून अंतर मोजायचे. दोन्ही अंतरे सारखी आली तर पंख सरळ बसला. तसाच दोरा शेपटीच्या टोकांपासूनही धरायचा. सुताराच्या दोरीइतकी साधी ही युक्ती आहे आणि तिला कुठलेही यंत्र लागत नाही.

मोटर अगदी सरळ बसवलेली नसेल तर घाबरू नये. बहुतेक मॉडेलमध्ये तिला दोन-तीन अंश खाली आणि थोडे उजवीकडे तोंड मुद्दामच दिलेले असते. वेग वाढवला की नाक वर उचलू नये आणि पंख्याच्या फिरण्याने विमान डावीकडे ओढले जाऊ नये, यासाठी ही सोय असते. ‘वाकडी’ दिसते म्हणून ती सरळ करणारे पहिल्याच उड्डाणात पस्तावतात.

डिंकाचीही शिस्त आहे. झटपट चिकटवणारा सायनोअॅक्रिलेट डिंक साधा थर्माकोल विरघळवतो, म्हणून फोमसाठी चालणारा प्रकार वेगळा घ्यावा लागतो. त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, म्हणून खिडकी उघडी हवी. तो सुती कापडावर सांडला तर रासायनिक क्रियेने कापड चटका बसण्याइतके तापू शकते. सुती हातमोजे घालून तो वापरू नये. बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हलकेच सोडवावीत. डोळ्यात गेला तर पाण्याने धुऊन तडक डॉक्टरांकडे जावे. बाल्सा लाकूड घासताना तोंडावर मास्क लावावा, कारण त्याची धूळ फार बारीक असते.

शेपटीकडे डिंक लावताना हात आखडता ठेवावा. बागेतल्या सी-सॉवर टोकाला बसलेले बारीक मूलही मध्याजवळ बसलेल्या मोठ्याला उचलते. शेपटीचेही तसेच. समतोलाच्या जागेपासून ६० सेंटिमीटर मागे १० ग्रॅम डिंक जास्त झाला, तर तो पेलायला २० सेंटिमीटर पुढे नाकात ३० ग्रॅम वजन घालावे लागते. दहा ग्रॅमच्या ढिलाईचे असे चाळीस ग्रॅम होतात.

गुरुत्वमध्य कुठे हवा?

कावड वाहणारा माणूस खांद्याची जागा सतत जुळवत असतो. पुढचे भांडे जड झाले की खांदा पुढे सरकवतो. विमानाला खांदा सरकवता येत नाही. त्याला उचलणारा पंख एका जागी पक्का असतो. म्हणून वजनेच अशी ठेवावी लागतात, की गुरुत्वमध्य पंखाच्या योग्य जागेखाली येईल.

सरळ, आयताकृती पंखाच्या साध्या मॉडेलमध्ये ही जागा पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर असते. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल तर ५ ते साडेसहा सेंटिमीटर. विमानाच्या पुस्तिकेत नेमका आकडा दिलेला असेल तर तोच प्रमाण मानावा. पहिल्या उड्डाणाला या पट्ट्याची पुढची बाजू अधिक सुरक्षित.

याचे कारण वाऱ्याच्या झुळकीत सापडते. झुळूक येऊन विमानाचे नाक वर गेले की पंख आणि शेपूट दोघांचीही उचल वाढते. या वाढलेल्या उचलीचा एकत्रित जोर विमानाच्या एका ठरावीक बिंदूवर पडतो. गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या पुढे असेल, तर वाढलेली उचल शेपटीकडचा भाग वर ढकलते आणि नाक आपोआप खाली येते. विमान स्वतःच सावरते. गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या मागे गेला, तर तीच उचल नाकाला आणखी वर ढकलते, त्याने उचल आणखी वाढते आणि क्षणात विमान उलटते. चालवणाऱ्याने काही करेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. बाणाचे टोक जड आणि पिसे मागे असतात, तेही याच कारणाने.

नाक थोडे जास्त जड असेल तर विमान आळशी उडते. त्याला वेग जास्त लागतो, उतरताना ते धावते, पण हाताबाहेर जात नाही. म्हणून हौशी मंडळींत एक म्हण रूढ आहे: नाक जड असलेले विमान वाईट उडते, शेपूट जड असलेले एकदाच उडते.

बोटांनी तपासणी

तपासणीसाठी विमान उड्डाणाला जसे जाणार तसेच हवे. बॅटरी आत, पंखा लावलेला, झाकण बंद, चाके जागेवर. पंखाच्या खालच्या बाजूने दोन्हीकडे ठरलेल्या अंतरावर पेन्सिलीने खूण करायची आणि त्या दोन खुणांवर बोटे टेकवून विमान उचलायचे. ते आडवे राहिले किंवा नाक किंचित झुकले तर ठीक. शेपूट खाली गेली तर उड्डाण रद्द.

उपाय करताना आधी नाकात शिसे भरायचे नाही, आधी बॅटरी सरकवायची. समजा, विमान एक हजार ग्रॅमचे आहे आणि गुरुत्वमध्य हवा त्यापेक्षा दीड सेंटिमीटर मागे आला आहे. १००० गुणिले दीड, म्हणजे १५०० हा आकडा भरून काढायचा आहे. बॅटरी १८० ग्रॅमची असेल तर १५०० भागिले १८०, म्हणजे ती सुमारे आठ सेंटिमीटर पुढे सरकवावी लागेल. तेवढी जागा असेल तर एक ग्रॅमही वजन न वाढता काम होते. जागा नसेल, तर गुरुत्वमध्याच्या ३० सेंटिमीटर पुढे नाकात ५० ग्रॅम वजन लावावे लागेल. विमान तेवढे जड होईल आणि उतरण्याचा वेग वाढेल. बॅटरीची जागा ठरली की खणात खूण करावी आणि ती पट्ट्याने घट्ट बांधावी. हवेत सरकलेली बॅटरी म्हणजे हवेत बदललेला गुरुत्वमध्य.

डावा-उजवा तोलही पाहायचा असतो. एका हाताने पंख्याच्या मधल्या टोकाला आणि दुसऱ्याने शेपटीला धरून विमान उचलायचे. दरवेळी एकच पंख खाली जात असेल, तर हलक्या पंखाच्या टोकाला छोटे वजन चिकटवायचे. एक नाणेही पुरते.

तिसरा समतोल पंख्याचा. एक पाते जड असेल तर विमानभर थरथर पसरते, स्क्रू ढिले होतात आणि सर्व्हो झिजतात. पंखा गुळगुळीत दांडीवर तोलून जड पात्याची मागची बाजू हलकेच घासावी किंवा हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा लावावा. चीर गेलेला पंखा चिकटवून वापरू नये. दहा इंची पंखा मिनिटाला नऊ हजार वेळा फिरला, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ४०० किलोमीटरच्या पुढे जातो. त्याचा तुटलेला तुकडा डोळ्यात जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच घरात जोडणी आणि चाचणी करताना पंखा काढून ठेवणे हा पहिला नियम. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन आपापसांत बदलल्या की दिशा सुधारते.

दिशा चुकली की

तोल बरोबर असूनही पाती उलटी हलत असतील तर विमान वाचत नाही. तपासणी विमानाच्या मागे उभे राहून करायची. दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखावरचे पाते वर आणि डावे खाली जायला हवे. दांडी स्वतःकडे ओढली की आडव्या शेपटीचे पाते वर उठायला हवे. उभ्या शेपटीचे पाते दांडीच्याच दिशेला वळायला हवे. दिशेबरोबरच पाते किती हलते हेही मोजपट्टीने मोजून पुस्तिकेशी ताडून पाहावे.

या दोन तपासण्या खेळण्यापुरत्या नाहीत, हे ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत दिसले. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट विमानतळावरून एअर मिडवेस्टचे ५४८१ क्रमांकाचे विमान उडाले आणि नाक वर उचलत जाऊन काही क्षणांतच कोसळले. त्यातले सर्व २१ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत दोन गोष्टी एकत्र आल्याचे स्पष्ट झाले. देखभालीच्या वेळी शेपटीच्या पात्याची तार चुकीची ताणली गेल्याने नाक खाली आणण्यासाठी ते पाते पुरेसे हलत नव्हते. शिवाय प्रवासी आणि सामान यांचे सरासरी वजन कमी धरल्याने विमान कागदावर दिसत होते त्यापेक्षा जड होते आणि गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे गेला होता. यानंतर अमेरिकेत प्रवाशांचे धरले जाणारे सरासरी वजन वाढवण्यात आले. तोल आणि पात्याची हालचाल, टेबलावर दहा मिनिटांत तपासता येणाऱ्या याच त्या दोन गोष्टी.

बॅटरीशी शिस्तीने

लिथियम पॉलिमर बॅटरी जितकी ताकदवान तितकीच नाजूक. पूर्ण भरल्यावर सेल ४.२ व्होल्टचा होतो. त्यापुढे भरला किंवा ३ व्होल्टच्या खाली उतरवला, तर त्याची हानी होते. म्हणून प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवणारा बॅलन्स चार्जरच वापरावा. २२०० ची बॅटरी २.२ अँपिअरने भरावी. चार्जिंग फरशीवर किंवा दगडी कट्ट्यावर करावे, गादीजवळ किंवा पडद्याखाली नाही. झोपताना किंवा घराबाहेर जाताना चार्जिंग लावून ठेवू नये.

फुगलेली, ठेचलेली किंवा भोक पडलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. विमान आपटले असेल तर बॅटरी बाहेर काढून मोकळ्या जागेत ठेवून तिच्यावर लक्ष ठेवावे, कारण आग काही वेळाने लागू शकते. काही दिवस उडवायचे नसेल तर ती प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून थंड जागी ठेवावी. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ती मुळीच ठेवू नये. पेट घेतलाच तर तिचा धूर विषारी असतो. आधी माणसे बाहेर काढावीत आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.

मैदान आणि नियम

भारतात ड्रोन नियम २०२१ मानवरहित विमानांना लागू आहेत. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी नकाशावर देश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागला आहे. लाल आणि पिवळ्या भागात परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही. मुंबईसारख्या शहरात पोलिसही वेळोवेळी अशा उड्डाणांवर बंदीचे आदेश काढतात. त्यामुळे मैदान निवडण्याआधी नकाशा पाहणे आणि स्थानिक पोलिसांकडे चौकशी करणे आवश्यक आहे. रस्ता, विजेच्या तारा, वस्ती आणि माणसांची गर्दी यांपासून दूर असलेले मोकळे माळरान आणि वारा पडलेली सकाळ सर्वांत चांगली. जवळपास अनुभवी हौशी मंडळी किंवा एनसीसीच्या हवाई शाखेत मॉडेल बनवायला शिकलेले कोणी असेल, तर पहिले उड्डाण त्यांच्या हातून करून घेण्यात कमीपणा नाही.

मैदानावर आधी ट्रान्समीटर सुरू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची. बंद करताना उलट क्रम. ट्रान्समीटरची कमी ताकदीची चाचणी सोय वापरून काही पावले दूर जाऊन पाती नीट हलतात का पाहायचे. संदेश तुटला तर मोटर आपोआप थांबते का, हेही विमान कोणीतरी घट्ट धरलेले असताना आणि पंख्यासमोर कोणी नसताना तपासायचे.

पहिले उड्डाण चार मिनिटांचेच ठेवावे. उतरवल्यावर मोटर आणि बॅटरी किती तापली हे हाताने पाहावे आणि बॅटरी पुन्हा भरताना चार्जरने किती वीज परत घातली ते लिहून ठेवावे. ९०० मिलिअँपिअर-तास लागले असतील, तर विमान मिनिटाला २२५ खाते. २२०० च्या बॅटरीचे ८० टक्के, म्हणजे १७६० वापरायचे ठरवले, तर उड्डाण पावणेआठ मिनिटांत संपवायला हवे. घड्याळ सात मिनिटांवर लावावे आणि ते वाजले की विमान खाली आणावे, हवेत कितीही छान चालले असले तरी.